चेअरमनचे डोळे

“अप्पा, तुमी वाचायला कधी शिकणार?”

हरणानं एका दमात विचारून टाकलं आणि जीभ चावली. ओट्याच्या भिंतीआड जगदेवी आणि चांगुणा एकमेकींच्या तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. “लई गरीब सोभावाचा बाप हाय म्हनतीस ना तुझा? मग विचार की त्याला. न्हाय विचारलंस तर ईट गावच्या बाजारात, भर गर्दीत, आमच्या दोघींच्या पाया पडायचं.” पाया पडायला हरणाची काही हरकत नव्हती, पण भित्री म्हणवून घ्यायची मुळीच तयारी नव्हती. दहावीला पहिल्या वर्गात आलेली पोरगी ती! निकाल लागल्यापासून तिच्या चालण्यात सुद्धा एक ठसका आला होता.

धुळाप्पा ओट्यावर घोंगडी टाकून लोकर कातत बसले होते. हातातली चाती गरगर फिरत होती, काळाभोर धागा खाली उतरत होता. प्रश्न ऐकून चाती थांबली नाही. त्यांनी मान वर केली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

“म्या कशापायी शिकू? माझं डोळं ह्या घरात दोन वेण्या घालून फिरत्यात की.”

झालं! भिंतीआडचं खुसखुसणं एकदम बंद पडलं. आडावर पाणी शेंदायला जाताना जगदेवी म्हणाली, “आमचे अण्णा असं एकदा जरी बोलले असते ना हरणे, मी जलमभर त्यांच्या पायाशी बसून राहिले असते.”

“बसलीच असतीस,” चांगुणा म्हणाली. “तिथंच तर गोम हाय.”

चांगुणाचे बाबा एस.टी.त कंडक्टर. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लेकीला घेऊन ते उस्मानाबादला गेले, अकरावीला नाव घातलं आणि मुलींच्या वसतिगृहात खाटसुद्धा धरून आले. शेजारची खाट अजून रिकामी होती. चांगुणा ते दिवसातून चारदा सांगायची.

“माझे अप्पा न्हाय म्हनलेच न्हाईत,” हरणा फणकारली.

“व्हय तरी कुठं म्हनले?”

यावर हरणानं बादली आडात इतक्या जोरानं सोडली, की तळाच्या चिखलात ती रुतूनच बसली. यंदाचं दुसरं वरीस कोरडं. आड खरवडून जे निघेल ते पाणी.

आता चेअरमनचे डोळे दोन वेण्या घालून कसे काय फिरायला लागले, ते सांगायला हवं.

धुळाप्पा धनगराचा गडी. बहात्तरच्या दुष्काळात गावातले सगळे कळप एकत्र करून त्यांनी नदीकाठानं चारत नेले होते, आणि जेव्हा चहूकडं मेंढरांच्या हाडांचे ढीग पडले तेव्हा हे आपलं बरंचसं जित्राब घेऊन परत आले. पुढं मेंढपाळांची लोकर सोसायटी निघाली. लोकांनी दुसऱ्या कुणाचं नावच पुढं येऊ दिलं नाही. धुळाप्पा चेअरमन झाले. खुर्ची आली, टेबल आलं, पितळी घंटी आली. अक्षर तेवढं येत नव्हतं. सेक्रेटरी शांतलिंग कागद वाचून दाखवायचा, पण धुळाप्पा मान हलवायच्या आधी म्हणायचे, “कागद घरी नेऊन बघतो.” घरी चौथीतली हरणा तो कागद जमिनीवर पसरून, बोट ठेवून, गाणं म्हटल्यासारखा वाचायची. एकदा तर तिनं ऑफिसात जाऊन सांगितलं होतं, “शांतलिंगकाका, तुमी ह्यात एक ओळ गाळली.” सगळं ऑफिस हसलं. शांतलिंग सुद्धा हसला, पण तेव्हापासून जपून वाचायला लागला.

पाचवीत असताना ती पहिल्यांदा सोसायटीच्या सालाच्या सभेत खुर्चीवर उभी राहिली आणि तिनं अख्खा अहवाल वाचून काढला. धुळाप्पा शेजारी फेटा बांधून बसलेले. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हातारा ओरडला, “पोर न्हाय वं ती, चेअरमनचे डोळे हायत!” त्या दिवशी घरी येताना हरणा जमिनीवरून चालत नव्हतीच. असं कौतुक वर्गातल्या कुठल्या पोराच्या तरी वाट्याला आलं होतं का?

मग ते दरसालचंच झालं. आणि नुसतं सालाचं नव्हे, रोजचंही. दिवस मावळला की अप्पा ओट्यावर यायचे, हरणा टपाल घेऊन बसायची. शाळेची सहल औरंगाबादला निघाली तेव्हा अप्पा म्हणाले, “जा की. तुला कोन अडवतंय?” हरणानं पिशवी भरली. मग जरा वेळानं, चाती फिरवता फिरवता, “फकस्त तेवढा जिल्ह्याचा कागद यायचा हाय. आला तर... बघू.” हरणानं पिशवी रिकामी केली. बेंबळीच्या आत्यानं महिनाभर राहायला बोलावलं तेव्हाही तसंच. मामाच्या लग्नाला तर ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली, तोंडात लाडू तसाच. अप्पांनी कधी आवाज चढवला नाही की डोळे वटारले नाहीत. “बघू” म्हणायचे, एवढंच. त्या “बघू”ला हरणा दावणीच्या करडासारखी बांधलेली होती आणि तिचं तिलाच ते कळत नव्हतं. उलट जगदेवीपुढं ती बापाची फुशारकी मारायची.

कळायला कारण झालं ते एक पुस्तक.

शाळेतल्या मराठीच्या गिरिजाबाईंनी निकालाच्या दिवशी तिला आपल्या कपाटातलं पुस्तक दिलं. इटली देशातल्या एका बाईनं लिहिलेली कादंबरी, मराठीत आणलेली. बाई म्हणाल्या, “तिकडच्या बायका हल्ली बापांवर फार लिहायला लागल्या आहेत. आपल्याकडं आईवरच सगळे लिहितात. वाच आणि मला सांग, तुला हा बाप कसा वाटला.”

तिघींनी ते पाझर तलावाच्या भरावावर बसून वाचलं. तलावात पाणी नव्हतंच, त्यामुळं बुडायची भीती नव्हती आणि मोठं माणूस तिकडं फिरकत नव्हतं. हरणा वाचायची, बाकीच्या दोघी ऐकायच्या. गोष्टीतल्या पोरीचं नाव लुचीया. तिचा बाप समुद्राकाठी मिठागरं राखायचा. तो टेबलाशी येऊन बसल्याशिवाय घरात कुणी घास उचलत नसे. गंमत म्हणजे एवढ्या जाड पुस्तकात त्या बापाला नावच नव्हतं, नुसता ‘वडील’. मग जगदेवीनं त्याला स्वतःच्या बापाचं नाव देऊन टाकलं. “आज हणमंतप्पा काय म्हनले?” असं ती विचारायची आणि तिघी लोळून लोळून हसायच्या.

“पन मी काय म्हनते,” जगदेवी एकदा हसता हसता गप्प झाली, “तिकडच्या पोरी फ्रॉक घालत्यात, सायकलवर बसत्यात. तरी बी अडकलीच की ही?”

“फ्रॉकनं काय होतंय?” चांगुणा म्हणाली. “बाप तर बापच हाय.”

“समदे बाप तसे नसत्यात,” हरणा तावातावानं म्हणाली. “माझे अप्पा बघा.” आणि त्यातूनच ती पैज निघाली.

संध्याकाळी टपाल नसलं की धुळाप्पा विचारायचे, “ते कसलं बाड वाचताव गं तुमी भरावावर? मला बी सांग की.” हरणा आनंदानं वाचून दाखवायला लागली. मिठागराचं वर्णन त्यांना फार आवडलं. “मीठ पिकवत्यात व्हय? शेतावानी वाफं करून? अन् पाऊस आला तर पीक बुडालं?” ते पोट धरून हसले. “आपल्याकडं न्हाय आला तर बुडतंय, त्यांच्याकडं आला तर! देवानं कुनालाच सुखी ठेवलं न्हाय बघ.” चुलीपाशी बसलेली माय, बानूबाई, तीही हसायची. अशा वेळी घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

पण एका जागी हरणा अडखळली. तिथं लुचीया म्हणते, “माझ्या वडिलांनी दाराला कधीच कुलूप लावलं नाही. लावलं असतं तर मी ते फोडलं असतं. उघड्या दारातून कसं निघायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही.” हरणानं ते तोंडात आलेलं तिथंच गिळलं. दोन पानं एकदम उलटली आणि पुढच्या जत्रेच्या प्रसंगावरून अशी झोकात वाचत सुटली, की तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. अप्पांना कशाला दुखवा? आणि त्यांना थोडंच कळणार होतं?

त्यानंतरची गोष्ट. चांगुणानं आणलेल्या वर्तमानपत्रात कॉलेजची जाहिरात होती. प्रवेशाची शेवटची तारीख त्यात होती. हरणानं ते कात्रण आरशाशेजारी खळीनं चिकटवलं, पण अप्पांना तारीख सांगायचा धीर काही झाला नाही. ती आपली आडून आडून विचारायची. “अप्पा, पुढच्या शिक्षनाचं?” “बघू, सभा होऊ दे.” आणि सभेची तारीख ठरली तीही नेमकी तीच! हरणानं कपाळाला हात लावला. नशीबच फुटकं, दुसरं काय? बिचाऱ्या अप्पांना काय ठाऊक, त्या दिवशी काय आहे ते.

सभेच्या आदल्या दिवशी ऊन उतरताना ती अहवालाचा कागद घेऊन ओट्यावर बसली, पण वाचेना. धुळाप्पांनी चाती फिरवत तिच्याकडं दोनतीनदा बघितलं.

“रुसलीस व्हय?”

हरणानं कागद ओट्यावर उलटा घातला.

“काय झालं? कुनी काय बोललं का? शांतलिंग बोलला?”

“न्हाय.”

“मग उस्मानाबादचं? आगं, तुला कुनी बांधून घातलंय का हितं? आपल्या घराला कधी कुलूप बघितलंस? तुमा पोरींचं कसं हाय ठाव हाय का, बाप चांगला असला तरी दुखतंय. ती बी तसलीच, मिठागरवाली. बापानं बिचाऱ्यानं कधी कुलूप लावलं न्हाय, तर म्हनती, लावलं असतं तर म्या फोडलं असतं. घ्या! न्हाय लावलं तो बी गुन्हाच!”

ते आपल्याच बोलण्यावर हसले. हसताना त्यांचं लक्ष लेकीच्या तोंडाकडं गेलं आणि हसू ओठातच राहिलं.

घरात भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

“अप्पा,” हरणा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “ते मी वाचलंच न्हवतं.”

“वाचलं असशील की.”

“न्हाय. ती पानं मी उलटली.”

चातीचा धागा तुटला. चाती ओट्यावरून गडगडत खाली गेली. कुणीच ती उचलली नाही.

“मग जगदेवी बोलली असंल.”

“जगदेवी तुमच्यासमोर उभी तरी राहती का?”

बानूबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. “आता सांगून टाका वं,” ती नवऱ्याला म्हणाली. “किती दिस झाकताव?”

हरणानं मायकडं बघितलं, मग बापाकडं. म्हणजे मायलाही ठाऊक होतं!

धुळाप्पांनी तळहात चोळले. मग त्यांनी सांगितलं, तेही कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगितल्यासारखं. हरणा सातवीत होती त्या साली त्यांनी वाशीकडं मेंढरं बसवली होती, शेतकऱ्यांच्या रानात, खतासाठी. जवळच्या देवळात म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी शिकवणीचा वर्ग भरायचा. थंडीचे दिवस, तिथं कंदील आणि माणसं, म्हणून नुसते शेकायला जाऊन बसले. बसता बसता पाटी हातात आली. आख्खा हिवाळा गेला. शेवटी शेवटी ते एस.टी.ची पाटी लांबून वाचायचे आणि बाकीच्या मेंढक्यांना सांगायचे, ही भूमची, ही बार्शीची.

“लई खुशीत घरी आलो,” ते म्हणाले. “वाटंत ठरवलं, घरात पाय टाकला की हरणीच्या पुस्तकाची एक वळ वाचून दाखवायची. पोर नाचंल. तर तू दारातच हुबी. हातात टपालाचा गठ्ठा. ‘अप्पा, किती कागद साठल्यात, बसा, मी वाचती!’ तुझं त्वांड असं फुललेलं... म्या गिळलं ते. म्हनलं, उद्या सांगू.”

“मग?”

“मग रोजच उद्या.”

हरणाला काय वाटावं तेच कळेना. संतापावं तर समोर बसलेला माणूस शाळेत पाटी फुटलेल्या पोरासारखा खाली बघत होता. तिनं मायकडं मोर्चा वळवला. “अन् तू? तू का गं गप्प बसलीस?”

बानूबाईनं पिठाचे हात पदराला पुसले. “मेंढराच्या दवाईची बाटली वाचताना म्या धरलं यांना. सांगनार बी होते तुला. पन हरणे, तू लहान हुतीस तवा हे वर्साचं आठ म्हईनं रानातच. घरी आले तरी चावडीवर. तू वाचाय बसाय लागलीस तसं दिस मावळला की घरात यायला लागले. मला वाटलं, वाचतीया पोर, ऱ्हाऊ द्या. घर घरावानी झालंय.”

असं होतं तर. अप्पांना ती जवळ हवी होती आणि मायला अप्पा जवळ हवे होते, आणि दोघांच्या मध्ये हरणा खुंट्यासारखी ठोकली गेली होती, तीही टाळ्यांच्या गजरात. तिला बेंबळीच्या आत्याचं अंगण आठवलं, रिकामी केलेली पिशवी आठवली. मग आरशाशेजारचं ते कात्रण डोळ्यांपुढं आलं. अप्पा रोज सकाळी त्याच आरशापुढं उभं राहून फेटा बांधायचे.

“अप्पा, सभेची तारीख कुनी धरली?”

“सोसायटीनं धरली.”

“सोसायटीत तारीख कोन सांगतं?”

धुळाप्पा तुटलेला धागा बोटाला गुंडाळायला लागले.

“तुमी ते कात्रण वाचलं हुतं.”

“वाचलं हुतं,” ते म्हणाले. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. “म्हनलं, येवढी तारीख टळली म्हंजी मग वरीसभर हाईस तू. पुढच्या साली खरंच बघितलं असतं, बाय. तुझी आन.”

“पुढच्या साली बी सभा असतीच की.”

हरणा ओट्याच्या कडेला बसली आणि पाय खाली सोडले. अंगणातून सरळ वाट निघत होती, शाळेपुढून स्टॅंडवर जाणारी. लहानपणापासून ती वाट तशीच उघडी होती. त्या वाटेकडं बघत बसताना तिच्या मनात एक भलताच विचार आला: आपण तरी कधी नेट लावून ‘जाणारच’ म्हटलं का? टाळ्या आपल्यालाही हव्याच होत्या की. चेअरमनचे डोळे म्हणवून घ्यायला किती गोड वाटायचं! मग कसलं जाणं आणि कसलं काय.

“झालं ते झालं,” धुळाप्पा हळूच म्हणाले. त्यांनी अहवालाचा कागद उचलून तिच्या मांडीवर ठेवला. “उद्याची सभा तेवढी काढ. समदं गाव तुझी वाट बघतंय. गावाला काय ठाव हाय यातलं? आता अचानक म्या वाचाय लागलो तर लोक काय म्हनतील, येवढी वर्सं चेअरमननं सोंग केलं? शांतलिंग तर डोक्यावर बसंल. माझी इज्जत तुझ्या हातात हाय, पोरी. सभा झाली की मग आपन बसू आन् बघू.”

बघू.

हरणा ताडकन उठली. तिनं कागद घडी न करता बापाच्या हातात परत दिला आणि मायलाही ऐकू जाईल अशा आवाजात, खुर्चीवर उभी राहून सभेत बोलायची तशा आवाजात, सांगून टाकलं:

“माय, तू बी ऐक. उद्या सभेला मी येनार न्हाय. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी चांगुणाच्या बाबांबरोबर उस्मानाबादला चाललेय, अकरावीला नाव घालायला. वसतिगृहाची ती खाट मी घेनार. अन् अप्पा, उद्याचा अहवाल तुमी वाचायचा. समद्या गावापुढं, हुबं राहून, तुमच्या तोंडानं.”